चेकरसाहेब

बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये चढणं ही कला आहे आणि त्याच लोकलमधून उल्हासनगरला उतरणं हा गुन्हा. मध्ये एकटं अंबरनाथ येतं. एवढ्याशा अंतरासाठी ज्याला रिक्षा परवडत नाही त्याने नोकरीच करू नये, असं डब्याचं मत. आमचे साहेब हा गुन्हा रोज करत आणि रोज शर्टाचं बटण, चष्म्याची दांडी असं काही तरी डब्यात ठेवून उतरत.

एकदा उल्हासनगर आलं तरी ते दारापर्यंत पोचेनात, तेव्हा मी मागून ओरडलो, "चेकरसाहेब, उतरून घ्या!" दारात लोंबकळणारी तीन पोरं मागे वळूनही न बघता फलाटावर उतरली आणि जिन्याच्या उलट दिशेने झपाझप चालू लागली. साहेबांना दार मोकळं मिळालं. मग ती हाक मी रोजच मारू लागलो. साहेबांना तिची गंमत कळायला आठवडा लागला. कळल्यावर त्यांनी मला शाखेत टेबलासमोर उभं केलं.

"आपण रेल्वेचे अधिकारी आहोत असा समज पसरवून वाट काढायची, याला काय म्हणतात?"

"सोय, साहेब."

"पदाचा गैरवापर म्हणतात. आणि तेही आपल्याकडे नसलेल्या पदाचा."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा धक्के खात उतरू लागले. त्या तत्त्वाचा खर्च महिन्याला दोन बटणं एवढा होता, आणि तो त्यांनी निवृत्तीपर्यंत सोसला.

साहेब चेकर होते ते बँकेतले. बँकेबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. बँकेत व्यवहार एकाने संगणकात भरायचा आणि दुसऱ्याने तपासून पास करायचा. भरणारा तो मेकर, तपासणारा तो चेकर. दोघांचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा, सही वेगळी. नियम कागदावर इतका सोपा आहे. प्रत्यक्षात दुपारी बारा वाजता काउंटरवर चाळीस माणसं उभी असतात, पेन्शनवाले आजोबा काठी आपटत असतात, चेकर जेवायला गेलेला असतो, आणि त्याचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. मग मेकरच हात लांबवून चेकर होतो. "अरे, आपलाच माणूस आहे" असं म्हणून सगळे त्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

या वाक्यावर साहेबांचा दात होता. ते म्हणत, "दरोडेखोरांनी बुडवलेल्या बँका मोजायला एका हाताची बोटं पुरतील. 'आपलाच माणूस आहे'ने बुडवलेल्या मोजायला हेड ऑफिसचा सगळा स्टाफ बोलवावा लागेल." पासवर्ड टाकताना ते कीबोर्डवर रुमाल पसरत आणि रुमालाखाली दोन्ही हात घालत. नवीन ग्राहकाला वाटायचं, साहेब जादूचा प्रयोग करताहेत. घरचा वायफायचा पासवर्ड ते दर पंधरवड्याला बदलत. मुलगा शेवटी शेजाऱ्यांचा वापरायला लागला. तो शेजाऱ्यांनी दारावरच लिहून ठेवला होता.

आमची शाखा उल्हासनगरच्या कॅम्पातली. मी तिथे 2005 साली क्लार्क म्हणून लागलो तेव्हा साहेब स्ट्राँगरूमचे एक किल्लीदार होते. स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही किल्ल्या एका हातात कधीही पडू नयेत, असा नियम. साहेबांनी तो ताणून 'एका डब्यात कधीही पडू नयेत' असा केला होता. हेड कॅशियर अंबरनाथला चढत. ते पुढच्या डब्यात आणि साहेब मधल्या डब्यात, अशी कायमची विभागणी होती. गर्दीच्या लोंढ्याने हेड कॅशियर चुकून मधल्या डब्यात ढकलले गेले, की साहेब "नमस्कार" म्हणून खाली उतरत आणि पुढच्या गाडीने येत. हेड कॅशियरच्या मुलीच्या लग्नात तर साहेब हॉलच्या दारात उभे राहिले आणि अक्षता तिथून फेकल्या. नवरानवरीपर्यंत त्या पोचल्या नाहीत. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींवर पडल्या. त्यांनी साहेबांना तिथूनच आशीर्वाद दिला.

त्याच वर्षीची 26 जुलै. सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळलं. आम्हाला एवढंच दिसत होतं, की गाड्या बंद आहेत आणि रूळ कुठे आहेत ते फक्त खडीवरून ओळखायचं आहे. आम्ही तिघे रुळांतून चालत निघालो. हेड कॅशियर पुढे, मी मध्ये, आणि साहेब मुद्दाम वीस पावलं मागे. त्यांनी किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुटाच्या नाडीने गळ्यात बांधली होती, त्यामुळे एक बूट दर दहा पावलांनी पायातून निसटत होता. अंबरनाथच्या अलीकडे एका मोरीपाशी गुडघाभर पाणी रुळांवरून वाहत होतं. हेड कॅशियरचा पाय घसरला आणि ते बसकण मारल्यासारखे खाली गेले. मी गोठलो. मागून साहेब ओरडले, "जा, धर त्याला! मला येता येत नाही, माझ्याकडे किल्ली आहे!"

चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी कुणाला 'अरे-तुरे' केल्याचा हा एकमेव प्रसंग. एरवी ते शिपायालाही "आपण" म्हणत.

हेड कॅशियरना मी उठवलं. साहेब वीस पावलांवर पावसात उभे राहून वाट बघत होते. पुढे बदलापूरपर्यंत आम्ही दोघेच होतो. मी धीर करून विचारलं, "साहेब, ते वाहून गेले असते तर?" साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक किल्ली हरवली तर डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत ठेवलेली असते. तशी सोय आहे. माणसाची नाही, म्हणून तर तुम्हाला पाठवलं." चार दिवसांनी शाखा उघडली तेव्हा किल्ल्यांच्या रजिस्टरात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती : 'किल्ली ओली झाली. पुसली.'

तारखेचं त्यांना विलक्षण वेड. तारीख नसलेलं व्हाउचर म्हणजे बारसं न झालेलं मूल, असं ते म्हणत आणि ते दोन बोटांत धरून परत आणून देत. एका रविवारी आम्ही शाखेतले सगळे अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. बाकीचे कोरीव काम बघत होते. साहेब शिलालेखाची माहिती वाचत उभे राहिले. "बघा," ते म्हणाले, "शके 982, म्हणजे इसवी सन 1060. नऊशे साठाहून जास्त वर्षं झाली, पण काम कधीचं ते कळतं. का? तारीख घातली आहे म्हणून. आणि तुम्हाला कालच्या व्हाउचरवर तारीख घालायला जड जातं." तेवढ्यात आमच्यातल्या एका इतिहासवाल्याने सांगितलं, की हा आकडा आधी 782 असा वाचला गेला होता. नंतरच्या अभ्यासकांनी पुन्हा तपासून 982 ठरवला. साहेबांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरली, ती गाभाऱ्यातल्या दर्शनानेही पसरली नव्हती. "म्हणजे दोनशे वर्षांचा फरक चेकरने काढला!" त्यानंतर ते अंबरनाथला गेले की शिलालेखालाही वेगळा नमस्कार करत.

घरीही हेच चालायचं. मीठ एकाने घालावं आणि दुसऱ्याने चाखावं, म्हणजे स्वयंपाकात चूक राहणार नाही, असा प्रस्ताव त्यांनी लग्नानंतर लगेच मांडला होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, मीठ मी घालते, चाखतेही मीच. तुमचं काम फक्त जेवायचं." साहेबांनी आम्हाला हा किस्सा हसत सांगितला नाही. नियंत्रणातली त्रुटी म्हणून सांगितला.

लोक घरातल्या थोरांच्या तिथ्या पाळतात, साहेब बुडालेल्या बँकांच्या पाळत. त्यांच्या निळ्या वहीत त्या तारीखवार होत्या. फेब्रुवारी 1995 : लंडनची बेअरिंग्ज बँक, स्थापना 1762. ती सिंगापूरमधल्या एका तरुणाने बुडवली, कारण सौदे करणाराही तोच आणि सौद्यांचा हिशेब मिळवणाराही तोच. तोटा त्याने 88888 नंबरच्या खात्यात दडवला होता. एप्रिल 1992 : रोखे घोटाळा बाहेर पडला, आणि ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा पावत्या देणारी आपल्या साताऱ्याकडची बँक ऑफ कराड त्यात गेली. 23 सप्टेंबर 2019 : पीएमसी बँकेवर निर्बंध. ठेवीदारांना पहिल्यांदा फक्त 1000 रुपये काढायची मुभा, आणि एकाच बिल्डर समूहाची कर्जं झाकायला 21,049 बनावट खाती. फेब्रुवारी 2025 : न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक. तिजोऱ्यांतली रोकड मोजल्यावर 122 कोटी कमी.

त्या त्या दिवशी साहेब डब्यात, जागा मिळाली तर, प्रवचन करत. एकदा त्यांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. दोन अभंगांच्या मध्ये मृदंगवाला घाम पुसत होता, तेवढ्यात साहेबांनी बेअरिंग्ज बँक सुरू केली. 88888 आलं तेव्हा मृदंगवाल्याने नकळत ठेका धरला. टाळकरी पुढे सरसावले. कल्याणच्या अलीकडे उतरणाऱ्या माणसाला भजनी मंडळाने स्वतःहून वाट करून दिल्याचा तो मध्य रेल्वेवरचा पहिलाच प्रसंग असावा.

आता घीयरची गोष्ट. ज्यांनी उल्हासनगरची होळी पाहिली नाही त्यांना घीयर ठाऊक नसेल. मैद्याची, तुपात तळलेली, पाकातून काढलेली, ताटाएवढी जिलेबी. होळीच्या आधी पंधरा दिवस कॅम्पातल्या मिठाईच्या दुकानांसमोर तिच्या चळती लागतात. कॅम्प नंबर दोनमधले कापडाचे एक वृद्ध व्यापारी आमचे जुने खातेदार. फाळणीत वडिलांच्या कडेवर शिकारपूरहून आलेले. ते होळीला एक घीयर घेऊन साहेबांच्या टेबलाशी आले.

"साईं, होली आहे. तोंड गोड करा."

"शेठ, ग्राहकाकडून भेट घेता येत नाही. नियम आहे."

"भेट कुठे आणली? घीयर आणली."

"बरं, मग किंमत सांगा. मी पैसे देतो."

"घरी बायकोने केली, साईं. बायकोने केलेल्या जिनसेची किंमत तुम्ही काढता?"

साहेबांना मीठ आठवलं असावं. ते क्षणभर थांबले. पण त्यांच्या शब्दकोशात 'जाऊ दे' हा शब्द नव्हता. घीयरचं वजन करायचं ठरलं. सोनेतारण कर्जाचा काटा हाताशी होता, पण बँकेची वस्तू खासगी कामाला वापरता येईना. शिपाई घीयर घेऊन समोरच्या मिठाईवाल्याकडे गेला, वजन आणि भाव घेऊन आला. 180 रुपये. साहेबांनी ते शेठना दिले. शेठ म्हणाले, "मी कशाला घेऊ? माझ्या खात्यात भरा." पावती मी भरली. 'रोखीचा तपशील' या रकान्यात काय लिहायचं, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, "खरं ते लिहा." मी 'घीयर' लिहिलं. पण आता व्यवहार साहेबांच्या स्वतःच्या पैशांचा झाला होता, तो त्यांना पास करता येईना. म्हणून आर.ओ.च्या, म्हणजे रीजनल ऑफिसच्या, फोनवर असलेल्या मॅनेजरना उठवून त्यांच्याकडून तो पास करून घेतला. तोवर घीयर मऊ पडली होती आणि वजन करायला नेली तेव्हाच तिचा एक वेढा शिपायाने तपासला होता.

शेठ हे सगळं गालात हसत बघत होते. उठताना म्हणाले, "साईं, आमच्या शिकारपूरच्या सावकारांची हुंडी बुखाऱ्यापर्यंत चालायची. कागदाचा एवढासा तुकडा. तुमच्याकडे दोन सह्या, दोन किल्ल्या, दोन पासवर्ड. तरी पेपरमध्ये रोज कोणती ना कोणती बँक असते."

साहेबांनी उत्तर दिलं नाही. त्या रात्री निळ्या वहीत त्यांनी हा प्रश्न लिहून ठेवला होता आणि समोर उत्तरासाठी जागा सोडली होती. ती जागा मी नंतर पाहिली, तेव्हाही कोरीच होती.

मला स्वतःला साहेबांच्या किल्ल्यांपेक्षा त्यांची दुसरी एक सवय मोठी वाटते. त्या सवयीने आर.ओ.मधले लोक त्यांच्यावर खरोखर चिडत. तिजोरीला दोन किल्ल्या लावता येतात. टार्गेटला लावता येत नाहीत. मार्च जवळ आला की वरून रोज फोन येई : आज विम्याच्या पॉलिसी किती? शाखेतले तरुण अधिकारी गांगरून जात आणि मुदत संपलेल्या ठेवीचा जो कुणी मालक समोर येईल त्याला पॉलिसी चिकटवून मोकळे होत. यात कुणी बँकेचा रुपया खात नाही. सह्या खऱ्या, कागद खरे, मेकर-चेकर दोघेही जागेवर. फक्त समोरच्या माणसाला आपण कशावर सही केली ते ठाऊक नसतं.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक आजोबा एकदा ठेव नव्याने ठेवायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यापुढे दहा वर्षं हप्ते भरायचा फॉर्म सरकवलेला होता आणि बोट नेमकं सहीच्या जागेवर ठेवलेलं होतं. साहेबांनी खुर्ची ओढली, फॉर्म हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बारीक अक्षरातलंही सगळं. काउंटरवरची रांग गप्प होऊन ऐकू लागली. पाचव्या पानावर आजोबा म्हणाले, "साहेब, म्हणजे मी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत हप्ते भरायचे? एवढं तर मला डॉक्टरनेही सांगितलं नाही." आजोबांनी ठेव नूतन केली. फॉर्म देणारी नवीन मुलगी आत जाऊन रडली. साहेब तिच्या टेबलावर जाऊन म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्हाला रोज फोनवर जे विचारतात त्यात 'कुणाला विकली' हा प्रश्नच नसतो."

मग त्यांनी आर.ओ.ला पत्र लिहिलं. अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेत 2016 साली काय झालं ते त्यात होतं : टार्गेटच्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता सुमारे 20 लाख खाती उघडली, 5300 कर्मचारी नोकरीतून गेले, बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला. उत्तर आलं, की आपण उदाहरण यूएसएचं दिलं आहे, ते इथे लागू नाही. मी म्हटलं, साहेब, कळवून टाका, की आमच्या गावालाही लोक यूएसएच म्हणतात. उल्हासनगर सिंधी असोसिएशन. साहेबांनी मसुद्यातलं माझं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'अनधिकृत संक्षेप'.

त्या वर्षी आमची शाखा विम्यात तळाला होती. आर.ओ.च्या बैठकीत आमच्या मॅनेजरना उभं करून सगळ्यांसमोर झापलं. हेही नोंदवलं पाहिजे.

बदलीच्या बाबतीत तर ते जगावेगळे होते. बाकीचे अधिकारी बदली टाळायला आईचं दुखणं, मुलाची दहावी, असं एकेक पुढे करत. साहेब तीन वर्षं भरली की स्वतःच अर्ज करत : माझी खुर्ची बदला. बदलापूर हे नावच मुळी तिथे घोडे बदलायचे म्हणून पडलं, असं सांगतात. साहेब त्याचा दाखला देत. "त्या काळातल्या लोकांनाही कळत होतं, की एकच घोडा सगळ्या रस्त्याला वापरू नये." आणि मग ब्रॅडी हाउस. पंजाब नॅशनल बँकेच्या त्या मुंबईच्या शाखेतलं प्रकरण 2018 च्या फेब्रुवारीत बाहेर पडलं. त्यात ज्या उपव्यवस्थापकावर ठपका आला, तो 2010 पासून 2017 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच विभागात होता. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी यंत्रणा आणि बँकेचा हिशेब ठेवणारी यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे इकडचं तिकडे कळलंच नाही. "सात वर्षं एकच घोडा," साहेब म्हणत, "आणि तोही डोळ्यांवर झापडं नसलेला."

अशा फिरत्या बदल्यांत साहेब आणि मी दोघेही उल्हासनगर सोडून गेलो आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा त्याच शाखेत एकत्र आलो. आणि इथे साहेब स्वतःच सापडले.

रिझर्व्ह बँकेचं 2021 चं एक परिपत्रक आहे. नाजूक जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, आधी न सांगता रजेवर पाठवायचं. त्या काळात कार्यालयीन ई-मेल सोडून कामाच्या कुठल्याही साधनाला त्याने हात लावायचा नाही. यामागची मेख अशी, की लपवाछपवी करणाऱ्याला रोज हजर राहावं लागतं. आजचा खड्डा उद्याच्या मातीने बुजवायचा असतो. म्हणून कधीच रजा न घेणारा निष्ठावान माणूस आधी तपासायचा. साहेबांनी हे परिपत्रक स्वतःच्या हाताने सूचनाफलकावर लावून लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. आणि साहेबांनी चौतीस वर्षांत स्वतःच्या लग्नाचे चार दिवस सोडले तर मोठी रजा घेतली नव्हती. इतकी वर्षं कुठल्याही मॅनेजरने त्यांना पाठवायचं धाडस केलं नाही. साहेबांनी दरवर्षी तशी लेखी आठवण दिली होती, तरी.

गेल्या पावसाळ्यात नवीन मॅनेजर आल्या. तरुण होत्या. सकाळी सव्वादहाला त्यांनी साहेबांना बोलावलं. "साहेब, आजपासून दहा दिवस रजा."

साहेब उभेच राहिले. "माझ्यावर संशय आहे?"

"छे, छे! तुमच्यावर कसला संशय, तुम्ही तर आपलेच..."

"मॅडम," साहेब म्हणाले, "ते वाक्य पूर्ण करू नका."

त्यांनी किल्ली नोंद करून सोपवली, लॉगिन बंद केलं, खणातले स्वतःचे दोन पेन आणि रुमाल घेतला. बँकेचा पेन चुकून खिशात गेला नाही ना, ते दारात उभं राहून पुन्हा बघितलं. भर दिवसा, रिकाम्या गाडीने, बसायला जागा असताना ते बदलापूरला गेले. वहिनींना वाटलं, नोकरी गेली.

पुढचे दहा दिवस साहेबांनी घर तपासलं. गॅसची पुस्तिका, सोसायटीची पावती, दूधवाल्याचं कॅलेंडर. चौथ्या दिवशी वहिनींची भिशी हाती लागली. इमारतीतल्या बारा बायका, बावीस वर्षं, एक कागद नाही. साहेब वही घेऊन बसले. "नोंद कुठे आहे?"

"नोंद कशाला? सगळ्या एकमेकींना ओळखतो."

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. मग वहिनींनी सांगितलं : पैसे एक मोजते, ते दोघी पुन्हा मोजतात, मोठ्याने. चिठ्ठी काढायला दर वेळी वेगळ्या घरातलं मूल. ज्या घरात भिशी लागली त्या घरात पुढच्या महिन्याची बैठक नाही. कुणी सलग दोनदा आली नाही तर तिच्या घरी दोघी मिळून जातात, एकटी कुणी जात नाही. साहेब ऐकत राहिले. पेन्सिल तशीच हातात राहिली. ही हकिकत मला वहिनींनी सांगितली, साहेबांनी नव्हे.

मला त्यांचा एकच फोन आला. "उल्हासनगरला पाऊस आहे का?" मी म्हटलं, "जोरदार." "मग स्ट्राँगरूमच्या..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तो कामाचा प्रश्न झाला असता.

अकराव्या कामकाजाच्या दिवशी साहेब आले. मधल्या काळात ऑडिटर बसून गेला होता. त्याचा अहवाल मॅडमनी कौतुकाने पुढे केला. शेरा एकच : त्रुटी नाही. साहेबांनी पान उलटून मागची बाजूही बघितली.

"एकही नाही?"

"एकही नाही, साहेब."

"किती दिवस बसले होते?"

"तीन."

"चहा घेतला?"

"घेतला असेल."

"पैसे कुणी दिले?"

मॅडमना उत्तर देता येईना. साहेब आपल्या टेबलावर गेले, स्वतःची वर्षभराची कागदपत्रं मागवली, रुमाल पसरला आणि कामाला बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी साहेबांच्या तीन चुका काढल्या. चेकबुकांच्या रजिस्टरात एक सही राहिली होती. एका दिवशी किल्ली दहा वाजून दहा मिनिटांनी घेतली होती आणि नोंद दहा पाचची होती. आणि मार्चमधल्या एका व्हाउचरवर तारीख नव्हती. तिसरी चूक लिहिताना त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. पण त्यांनी ती लिहिली. तिन्हींचा अहवाल सही करून मॅडमना दिला. मॅडमनी "जाऊ द्या ना, साहेब" म्हटलं. साहेबांनी पोच मागितली.

अहवाल नाइलाजाने आर.ओ.ला गेला. महिन्याभराने साहेबांच्या नावाने मेमो आला. पाकीट उघडायला आम्ही सगळे भोवती उभे होतो. साहेबांनी तो एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. तारीख मागच्या वर्षीची पडली होती. खाली दोन सह्यांना जागा होती. तयार करणाऱ्याची सही होती, तपासणाऱ्याची जागा कोरी होती. साहेबांनी मेमो दोन बोटांत धरला आणि त्याच पाकिटात घालून परत पाठवला.